बत्ताशाचं औषध

संध्याकाळ व्हायला आली की शेठ गल्ल्यावरून उठून दुकानाच्या पायरीवर यायचे, कपाळाला आडवा हात लावायचे आणि भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरांकडे बघायचे. सूर्य अजून किती वर आहे याचा अंदाज घेऊन झाला की म्हणायचे, "दिवस हाय तवर आटपा."

हे गिऱ्हाइकाला असायचं, आत स्वयंपाकघरात असलेल्या भाभींना असायचं आणि स्वतःलाही असायचं. जैन घर, चौविहार पाळणारं. सूर्य मावळला की अन्न सोडाच, पाण्याचा थेंबही तोंडात जायचा नाही. घोडेगावच्या बाजारपेठेत त्यांचं किराणा दुकान होतं आणि भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या नारळ-उदबत्तीसाठी नेमक्या त्याच वेळेला दारात थांबायच्या. शेठ त्यांनाही सोडायचे नाहीत. "पावणं, दिवस हाय तवर आटपा," म्हणायचे. पाहुण्यांना वाटायचं, पुढे घाटात बिबट्याची भीती असेल. ते घाईघाईने नारळ घेऊन पळायचे.

जेवणाची वेळ सूर्यावर लावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण चौविहार पाळणारा बोका पाहिला नसेल. मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, त्याचा स्वयंपाकही केला आहे.

मी इथल्या शाळेत शिक्षिका. आमचं घर शेठच्या घराला पाठीला पाठ लावून. दोन्ही परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत, तिच्यावरून वाटीभर साखर, हळदीकुंकू, भांडणं आणि बातम्या यांची ये-जा चालायची. शेठचे पणजोबा राजस्थानातून आले होते, पण शेठची बोली माझ्या मूळच्या निरगुडसरच्या सासऱ्यांसारखीच होती. ते मला बाई म्हणायचे, मी त्यांना शेठ म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला सगळं गाव भाभी म्हणायचं.

बोक्याचं नाव बत्तासा. पांढरा, गोल, आणि साखरेच्या पोत्यावर झोपणारा. उंदरांसाठी म्हणून त्याला आणला होता, पण शेठच्या घरचं दूध, शिरा आणि पेढे खाऊन त्याने उंदरांशी कायमचा तह केला. मी एकदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं, उंदीर त्याच्या शेपटीजवळून तांदळाच्या पोत्याकडे गेला आणि बत्ताशाने फक्त कूस बदलली. शेठना याचा अभिमान होता. "आमच्या घरात राहून सुधारला तो," म्हणायचे. "आता मारत न्हाई. नुसता बसतो. उंदरांनी स्वतःच्या मनानं जावं."

उंदीर स्वतःच्या मनाने कुठेच गेले नाहीत, पण मुंग्या आल्या. दुकानाच्या मागच्या दारातून मुंग्यांची जाडजूड रांग लागली. मुंग्या मारायच्या नाहीत, त्यामुळे शेठ रोज सकाळी चिमूटभर पीठ टाकून त्यांना दुसरीकडे वळवायचा प्रयत्न करायचे. मुंग्या पीठ खायच्या आणि परत रांगेत लागायच्या. शेठना वाटलं, गुळाची ढेप पाझरते आहे. सगळ्या ढेपी हलवून झाल्या. मग एक दिवस ते मुंग्यांच्या मागोमाग वाकून चालत गेले, तर रांग जाऊन पोहोचली बत्ताशाच्या वाळूच्या घमेल्यात.

शेठ तिथेच मटकन बसले. त्यांना बारा-पंधरा वर्षांची शुगर. भिंतीवरून मला हाक मारली. "बाई, घात झाला. मला झाली तवा आमच्या मोरीत पण अशाच आल्या व्हत्या."

बत्तासा हल्ली पाणी फार पितो, खातो तरी वाळतो, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण वाळून तो जेमतेम इतर बोक्यांएवढा झाला होता, म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं.

जनावरांचे डॉक्टर भले माणूस. त्यांचा सगळा जन्म जर्सी गायी, म्हशी आणि शर्यतीच्या बैलांत गेलेला. टोपलीतून निघालेला बत्तासा बघून ते म्हणाले, "शेठ, लई दिवसांनी पुस्तक उघडायला लावलं तुम्ही." रक्त तपासलं, पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि मग निकाल दिला. रोज सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने, इन्सुलिनचं इंजेक्शन. घरीच द्यायचं. आधी पोटभर खायला घालायचं आणि मगच टोचायचं. उपाशीपोटी दिलं तर बोका जाईल.

"माझीच गोळी अर्धी करून दिली तर?" शेठनी विचारलं.

"अजिबात नाही."

"पाव?"

डॉक्टरांनी मोठा श्वास घेतला. "शेठ, आधी त्याचं नाव बदला, मग त्याचं दूध, शिरा, पेढे बंद करा. त्याला मांस पाहिजे. उकडलेली कोंबडी, अंडं. मांजराची जात आहे ती, त्याशिवाय शुगर उतरणार नाही."

"पनीर चालंल?"

"नाही."

"सोयाबीन? वरनं जरा हिंग टाकून?"

"शेठ, तो मांजर आहे."

परत आल्यावर शेठनी पुण्याहून मांजराच्या तयार खाण्याचं एक पाकीट मागवलं, पांढरंशुभ्र, वर मांजराचं चित्र. किराणा दुकानदाराचा डोळा. त्यांनी भिंग लावून मागची बारीक अक्षरं वाचली, पाकीट बंद केलं आणि हात धुतले. ते पाकीटही शेवटी माशांचंच निघालं.

त्या दिवशी शेठ भिंतीजवळ आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"बाई, तुमच्याकडं ते असतं ना?"

"काय?"

"ते. रविवारचं."

"चिकन?"

"नाव नका घेऊ!" त्यांनी दोन्ही हात वर केले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बत्तासा भिंतीवरनं उडी मारून कुठं जातो, ते मी काय बघत न्हाई. तो गेला अन् कुणी त्याच्याम्होरं काय ठिवलं, तर त्याचं ते औषध. आपण औषध म्हणू."

मला हसू फुटलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. त्या माणसाने जन्मात बटाटासुद्धा खाल्ला नव्हता. जमिनीखालचं काढताना जीव मरतात म्हणून. आणि आता त्याच्या बोक्याच्या जिवाची किंमत दुसरे जीव होते. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

अशी आमच्या घरी बत्ताशाची खानावळ सुरू झाली. आमचे हे म्हणाले, "मला आठवड्यातून एकदा, अन् शेजारच्या बोक्याला दोन टाइम?" मी म्हटलं, तुम्हाला शुगर झाली की बघू.

भाभींची एक अट होती. बत्तासा आमच्याकडून घरात शिरताना स्वच्छ पाहिजे. म्हणून त्याचं खाऊन झालं की मी ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसायची, मिशा पुसायची, आणि मग त्याला भिंतीवर ठेवायची. पलीकडे भाभी उभ्याच. त्या वाकून बत्ताशाच्या मिशा तपासायच्या. ओल्या दिसल्या म्हणजे पुसलं, आणि पुसलं म्हणजे खाल्लं. मग आतून शेठना सांगायच्या, "झालं वो, टोचा." या सगळ्यात 'चिकन' हा शब्द कोणाच्याच तोंडून निघत नव्हता. फार तर शेठ विचारायचे, "आज औषध नीट घेतलं का त्यानं?" मी म्हणायची, "घेतलं. एक तंगडी जास्तच घेतली." शेठ कानांवर हात ठेवून आत पळायचे.

टोचायला शिकणं हे वेगळंच प्रकरण. डॉक्टरांनी सांगितलं, आधी एखाद्या फळावर हात बसवा. शेठनी टोमॅटो निवडले. आमच्या भागात टोमॅटोला काय तोटा! पाण्याने भरलेली सुई घेऊन त्यांनी पाटीभर टोमॅटो टोचून काढले, आणि भाभींनी न बघता त्यांचीच भाजी केली. भाजीला रस सुटतच राहिला. खरा प्रकार कळल्यावर भाभींनी दोन दिवस टोमॅटो आणि शेठ दोघांनाही स्वयंपाकघराबाहेर ठेवलं.

पहिलं खरं इंजेक्शन देताना त्यांनी सुई इतक्या वेळा पुढेमागे केली की बत्ताशानेच मान वळवून काय चाललंय ते बघितलं. शेठनी डोळे मिटले, नवकार मंत्र म्हटला आणि टोचलं. बत्तासा जांभई देऊन झोपला. घाम शेठना फुटला होता.

पुढे हात बसला. कानाला बारीक टोचून रक्ताचा थेंब काढायचा आणि शेठच्याच यंत्रावर शुगर बघायची, हेही जमलं. पण त्याला टोचायच्या आधी शेठ स्वतःच्या बोटाला टोचून घ्यायचे. "आपण दुखणं द्यायचं अन् आपण मोकळं राह्याचं, हे बरं न्हाई," म्हणायचे. दोघांचे आकडे शेजारी शेजारी यायचे. महिनाभरात असं व्हायला लागलं की बत्ताशाचा आकडा शेठपेक्षा खाली. मग भिंतीवरून निकाल जाहीर व्हायचा. "बाई, बत्तासा पास. मी नापास."

"शेठ, मग तुम्ही पण पथ्य पाळा की!"

"त्याला तुमी हायत पथ्याचं शिजवून घालायला. मला काय, तुमच्या भाभीचा शिरा."

बारा तासांच्या अंतरावरून मात्र डॉक्टरांशी त्यांचं वाजलं. सकाळचं ठीक होतं. शेठ स्वतः सूर्य उगवून बराच वेळ झाल्याशिवाय काही घेत नसत, पण लहान मुलांना तो नियम नाही, आणि बत्तासा लहान मूल आहे, असा निर्णय त्यांनी स्वतःच दिला. संध्याकाळचं खाणं मात्र सूर्य मावळायच्या आत. थंडीत दिवस लहान झाला की बारा तास काही केल्या भरेनात.

"थोडा उशीर करा ना, शेठ," डॉक्टर फोनवर म्हणाले.

"मी उशीर करतो डॉक्टर, तुमी सूर्याला सांगा."

शेवटी डॉक्टरांनीच सकाळची वेळ पहाटेकडे ओढली. सूर्य उगवायच्या आधी शेठ खाणार नव्हते, पण मला उठून शिजवायला काय हरकत होती! थंडीत कुडकुडत मी पातेलं चढवायची आणि मनात शेठ, बत्तासा, डॉक्टर आणि सूर्य अशा चौघांचा उद्धार करायची.

दरम्यान गावात वेगळंच पसरलं. मेडिकलमधून शेठ दर महिन्याला इन्सुलिन आणि सुया नेतात म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, शेठचीच शुगर हाताबाहेर गेली. कोणी कारल्याचा रस आणून दिला, कोणी जांभळाच्या बियांची पूड. शेठ कळवळून सांगायचे, "अरे, मला न्हाई, बोक्याला हाय." लोक दुःखाने मान हलवायचे. बाहेर येऊन म्हणायचे, "शेठचं डोक्यावर पण गेलं राव."

आणि मग पर्युषण आलं.

पर्युषणाचे आठ दिवस म्हणजे जैन घरातलं सगळ्यात मोठं पर्व. उपास, साधूंची व्याख्यानं, चुकांची कबुली देणारं प्रतिक्रमण. शेठना शुगरमुळे सगळे उपास झेपायचे नाहीत, तर ते एक वेळ जेवायचे, आणि भाभी नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायच्या. मी लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं, या आठ दिवसांत आपल्या चुलीवर मांसमच्छी चढवायची नाही, वास भिंतीपलीकडे जातो. आम्ही ते दरवर्षी पाळत आलो. कधी बोललो नाही. सांगायचं काय त्यात? शेठनाही ते माहीत असणार, असं मी धरून चालले होते.

त्यामुळे पहिल्या दिवशी सकाळी बत्तासा भिंतीवरून उडी मारून आला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "आज इथं काही नाही रे. आठ दिवस तुझ्या घरी." मला खात्री होती, शेठनी पर्वासाठी काहीतरी वेगळी सोय केली असेल. विचारायचं कसं? ज्या दिवसांत पलीकडे नवकार चालू आहे, त्या दिवसांत भिंतीवरून कोंबडीची चौकशी करायची? बत्तासा माझ्या पायांत घोटाळला, ओरडला, आणि भिंतीवर जाऊन बसला. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. त्याचं तोंड, मिशा सगळं भिजलं.

पलीकडे भाभींनी मिशा बघितल्या. ओल्या होत्या.

"झालं वो, टोचा," त्या म्हणाल्या. शेठनी टोचलं आणि दुकान उघडलं.

मी शाळेला निघाले होते. दुकानासमोरून जाताना शेठची हाक आली. अशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "बाई! बाई, ह्याला काय झालं बघा!"

बत्तासा काउंटरवर आडवा पडला होता. पाय ताठ, अंगाला कंप, डोळे उघडे पण आमच्याकडे न बघणारे. शेठनी फोन लावून माझ्या हातात कोंबला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "त्याने सकाळी काय खाल्लं?"

मी शेठकडे बघितलं. शेठनी माझ्याकडे बघितलं.

"तुमच्याकडं..." शेठ म्हणाले.

"पर्युषण आहे ना," मी म्हटलं. "आम्ही या दिवसांत करत नाही. कधीच करत नाही."

"कधीच?" शेठ म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांना ते माहीतच नव्हतं.

फोनमधून डॉक्टर ओरडत होते. "शुगर एकदम खाली गेली आहे! मध आहे का? हिरड्यांना मध चोळा!"

"मध आमच्यात चालत न्हाई," शेठ रडवेल्या आवाजात म्हणाले.

"तुम्हाला नाही हो, बोक्याला!"

"आमी दुकानातच ठिवत न्हाई!"

"मग साखर! साखरेचं पाणी!"

शेठ "साखर, साखर" करत दुकानभर फिरले. साखरेच्या पोत्याला अडखळून पडता पडता वाचले आणि तरी "साखर कुठंय?" म्हणून मलाच विचारलं. मी पोत्यात हात घातला, त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं, आणि बोटाने ते पाणी बत्ताशाच्या हिरड्यांना चोळायला लागले. वर्षभर ज्याला साखरेच्या पोत्यापासून चार हात लांब ठेवलं, त्याला ते विनवत होते, "घे रे. घे बाबा. आज माफ हाय. लागंल तेवढी घे."

मी त्या माणसाला रडताना तेवढंच पाहिलं. मलाही हुंदका आवरत नव्हता. आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांचा मान राखता राखता, त्याला जवळजवळ मारलाच होता.

दारात नारळ घ्यायला थांबलेले पाहुणे आत डोकावून बघत होते. एकाने हळूच विचारलं, "प्रसादाचं काय चाललंय का?"

बऱ्याच वेळाने बत्ताशाने जीभ बाहेर काढली. शेठचं बोट चाटलं. मग मान उचलली. मग त्याला साखर आवडली असावी, कारण त्याने शेठचं बोट चावलं.

भाभी आतून आल्या होत्या आणि दाराला धरून उभ्या होत्या. उपासाने आधीच गळालेल्या. बत्तासा उठून बसला तसं त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आजपासनं त्याचं तोंड पुसू नका. जसं हाय तसं धाडा. मला दिसू द्या काय खाल्लंय ते."

शेठनी हात जोडले. "बाई, आजच्या आज त्याचं औषध शिजवा. वास आला तर येऊ द्या. मी व्याख्यानाला जाऊन बसतो."

मी शाळेत निरोप धाडला आणि त्या दिवशी, आमच्या घरात पहिल्यांदा, पर्युषणात पातेलं चढलं. माझ्या सासूबाईंच्या फोटोकडे मी पाठ करून उभी होते. बत्तासा भरपेट खाऊन, तेलकट मिशांनी, भिंतीवरून पलीकडे गेला. भाभींनी त्या मिशा बघितल्या आणि त्याला तसाच उचलून छातीशी धरला. पर्वासाठी नेसलेल्या पांढऱ्या लुगड्याला डाग पडला, तो त्यांनी पर्व संपेपर्यंत धुतला नाही.

बत्तासा त्यानंतर चांगला झाला. डॉक्टरांनी इंजेक्शनचं प्रमाण हळूहळू कमी केलं. शेठनी मात्र स्वतःचं पथ्य शेवटपर्यंत पाळलं नाही. मागल्या थंडीत, दुकानात बसल्या बसल्या, शेठ गेले. हार्ट अटॅक, म्हणाले. गाव बंद होतं. कारल्याचा रस आणून देणारे सगळे आले होते आणि शुगर शेवटी वाईटच, असं एकमेकांना सांगत होते. मुलगा भाभींना पुण्याला घेऊन गेला. जाताना भाभींनी सुया, बाटली आणि बत्तासा मला दिला. बत्तासा आता आमचाच आहे. आता त्याला मीच टोचते. संध्याकाळी दुकानाचं बंद शटर बघवत नाही, म्हणून मी बाजारातून येताना मागच्या गल्लीने येते.

शेठची आठवण आली की मला ते दुकानात दिसत नाहीत. ज्या पर्युषणात बत्तासा मरता मरता वाचला, ते संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवते. संवत्सरीनंतर जैन माणसं घरोघर जाऊन वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्यांची क्षमा मागतात. मी पिशवी घेऊन निघाले होते, तेवढ्यात शेठ धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत दारात आले.

"मिच्छामि दुक्कडम्, बाई," त्यांनी हात जोडले. मग आमच्या ह्यांना जोडले. मग ओट्यावर बसलेल्या बत्ताशापुढे वाकले आणि त्यालाही जोडले.

"चला," ते मला म्हणाले.

"कुठे?"

"तुमी निघाल्यात तिथं."

"शेठ, मी चिकन आणायला चालले आहे."

या वेळी त्यांनी कानांवर हात ठेवले नाहीत. "म्हाईत हाय," म्हणाले. "क्षमा मागायची तर सगळ्यांची मागावी लागती. मी अर्ध्यांचीच मागितली."

भर बाजारातून शेठ माझ्याबरोबर चालत निघाले. लोक दुकानांतून माना बाहेर काढून बघत होते. चिकनवाल्याने शेठना येताना पाहिलं आणि तो घाबरून फळीवरून खाली उतरला. "शेठ, काय चुकलं का माझं?"

शेठनी ओल्या रस्त्यावर चपला काढल्या. पिंजऱ्यात पांढऱ्या कोंबड्या दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ते हात जोडून उभे राहिले, डोळे मिटले आणि नीट ऐकू येईल असं म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्." कोंबड्यांनी माना वाकड्या करून बघितलं. शेजारच्या चहाच्या टपरीवरचे लोक हसायच्या तयारीत होते, पण कोणी हसलं नाही.

चिकनवाल्याने हातातली सुरी फळीवर ठेवली. मग म्हणाला, "शेठ, मी तर रोजच कापतो. माझ्या वाटचं बी म्हणा की."

"तुझं तुलाच म्हणावं लागंल, बाबा," शेठ म्हणाले.

त्याने हात फडक्याला पुसले, पिंजऱ्याकडे तोंड केलं आणि हात जोडले. ओठ हलले. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

"आता तुमी घ्या, बाई," शेठ मला म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. आतला आवाज आला तेव्हा त्यांची मान खाली गेली, पण ते तिथून हलले नाहीत. काळी पिशवी बांधून माझ्या हातात आली तसा त्यांनी हात पुढे केला.

"शेठ, राहू द्या."

"कुणासाठी हाय? माझ्याच पोरासाठी ना? मग द्या हिकडं."

मी दिली. ते पिशवी दोन्ही हातांत घेऊन जागीच उभे राहिले.

"गरम हाय हो अजून," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही.